डिस्चार्ज बुकात मेडल चढलं नाही? अर्ज टाकायच्या आधी एवढं वाचून घ्या

फौजेतल्या मेडलच्या नोंदीसाठी रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे फौजींचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाला, गेलेले अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा मेडल मिळत नव्हतं म्हणून नाही, तर अर्जात नेमकं काय मागितलंय हेच वाचणाऱ्याला कळलेलं नसतं म्हणून. दोन पानं भरून लढाईचं वर्णन, शेवटी "तरी मला न्याय मिळावा", आणि मेडलचं नाव कुठेच नाही. असा कागद तिकडच्या क्लार्कच्या टेबलावर गेला की तो काय करणार, नोंदीत जे आहे तेच उलटटपाली कळवणार. म्हणून फॉर्म, फोटो वगैरे नंतर, आधी आपली भानगड कुठली आहे ते ओळखा, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या तीन वेगळ्या भानगडी आहेत आणि तिन्हीचे अर्ज वेगळे.

पहिली, शीट रोलमध्ये (फौजेकडे असलेली तुमच्या सेवेची मूळ नोंद) मेडल आहे पण डिस्चार्ज बुकात (घरी जाताना तुम्हाला मिळालेलं सेवेचं पुस्तक) उतरवायचं राहून गेलंय. घरी जाताना घाईघाईत बुक भरलं, क्लार्कने एक ओळ गाळली, विषय संपला. हे सगळ्यात सोपं. दुसरी, दोन्हीकडे नाही, पण तुम्ही त्या काळात त्या ठिकाणी होता आणि मेडल तुम्हाला लागू होतं, फक्त युनिटने तुमच्या नावाची पार्ट टू ऑर्डरच, म्हणजे ज्यावरून रेकॉर्डला नोंद चढते तो लेखी आदेशच, काढली नाही. हे अवघड, आणि जास्तीत जास्त लोक इथेच अडकतात. तिसरी, नोंद दोन्हीकडे व्यवस्थित आहे पण धातूचं मेडल हातात कधी पडलंच नाही. ही दुरुस्ती नाहीच, ही मेडल इश्यू करायची मागणी आहे, आणि ती दुरुस्तीच्या अर्जात घुसडली की दोन्ही कामं लटकतात. (मिळालेलं मेडल हरवलं असेल तर तो चौथाच प्रकार, त्याला पोलिसात हरवल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र लागतं, तो इथे घेत नाही.)

मग आपली भानगड कुठली हे कळणार कसं? शीट रोल तुमच्याकडे नसतो, तो रेकॉर्ड ऑफिसात असतो. म्हणून पहिला कागद दुरुस्तीचा नाही, माहिती मागायचा. साध्या अर्जावर साक्षांकित प्रत मिळाली तर उत्तमच, नाहीतर माहिती अधिकार, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याला किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून. इथे एक चूक सगळे करतात, "मला मेडल का दिलं नाही" असं विचारतात. माहिती अधिकारात "का" विचारलं की उडवून लावायला सोपं जातं. कागद मागा: माझ्या शीट रोलमधल्या मेडल आणि सन्मानाच्या पानाची प्रत, त्या प्रत्येक नोंदीच्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख, आणि अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी कुठल्या युनिटमध्ये होतो, अटॅचमेंटवर (दुसऱ्या युनिटबरोबर), कोर्सवर किंवा सुट्टीवर होतो का, त्याच्या नोंदी. ३० दिवसात उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील. पत्र आलं की पाकिटावरचा पोस्टाचा शिक्कासुद्धा जपून ठेवा, लोक पाकीट फाडून चुलीत टाकतात आणि मग उत्तर कधी मिळालं हे सिद्ध करता येत नाही.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं हे गावाच्या जिल्ह्यावर ठरत नाही, रेजिमेंटवर ठरतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, गार्ड्सचं कामठीला, रणगाडेवाल्यांचं नगरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रदुरुस्तीची शाखा) सिकंदराबादला. नेव्हीच्या सेलर्सचं काम मुंबईत मानखुर्दला आणि एअरफोर्सच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. 'स्पर्श' पोर्टलवर मेडलची तक्रार टाकू नका हो, ते पेन्शनचं पोर्टल आहे, तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो आणि माणसाला वाटतं आपली केस संपली. संपलेली नसते, ती चुकीच्या दारात गेलेली असते.

आता कुठलं मेडल मागायचं. आधी ती बघा ज्यांना तारखेशिवाय काहीच पुरावा लागत नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला तुम्ही नोकरीत होता तर स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, १५ ऑगस्ट १९९७ ला होता तर पन्नासाव्या वर्षाचं. तसंच ९ वर्षं, २० वर्षं आणि ३० वर्षं सेवेची वेगवेगळी मेडलं आहेत. भरतीची तारीख आणि घरी आल्याची तारीख डिस्चार्ज बुकातच असते, म्हणजे पुरावा त्यांनीच लिहून दिलेला. गंमत अशी की याच नोंदी सर्रास राहिलेल्या सापडतात आणि याच कुणी मागत नाही, सगळ्यांचं लक्ष लढाईच्या मेडलवर.

लढाईच्या मेडलचं गणित वेगळं आहे. १९६५ ला समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागात राहिलेल्यांना आणि रक्षा मेडल त्याहून बऱ्याच मोठ्या संख्येला. ७१ ला पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडलचा घेर त्या दोन्हीपेक्षा मोठा. म्हणून "मी ७१ चा माणूस आहे" एवढं लिहून भागत नाही, कुठल्या सेक्टरला होता ते आलं पाहिजे, आणि जो त्या डिसेंबरमध्ये सेंटरला रंगरूट शिकवत होता त्याने स्टार मागू नये, संग्राम मेडलची नोंद आहे का ते बघावं. कारगिलचंही असंच, ऑपरेशन विजय स्टार वेगळा आणि ऑपरेशन विजय मेडल वेगळं. आणि १९६१ च्या गोव्याच्या कारवाईचं नावही ऑपरेशन विजयच होतं, त्यामुळे गोव्याला गेलेल्या जुन्या फौजींच्या घरचे कधीकधी हेच मेडल मागतात. ते १९९९ चं आहे, गोव्याचं नाही.

सैन्य सेवा मेडलला क्लॅस्प असतात, म्हणजे फितीवर भागाचं नाव असलेली पट्टी, जम्मू-काश्मीर, हिमालय, नेफा (आजचं अरुणाचल) वगैरे. मेडल चढलंय पण क्लॅस्प चढला नाही किंवा दुसराच चढला, हा प्रकार फार दिसतो. तेव्हा अर्जात मेडल आणि क्लॅस्प दोन्ही लिहायचं, नुसतं "सैन्य सेवा मेडल मिळावे" लिहिलं तर उत्तर येतं, आहे की नोंद.

आणि मग तो कागद जो कुणाकडेच नसतो. मुव्हमेंट ऑर्डर, म्हणजे कुठून कुठे जायचं त्याचा लेखी हुकूम. अटॅचमेंटवर गेलेल्या माणसाचं सगळं त्याच्यावर अडतं. समजा सिग्नलचा ऑपरेटर किंवा एएससीचा (रसद-वाहतुकीची शाखा) ड्रायव्हर, एखाद्या इन्फंट्री पलटणीबरोबर सियाचीनला सहा महिने वर राहिला. पलटणीतल्या जवानांची नावं पलटणीने यादीत घातली, आपला माणूस त्यांचा नाही म्हणून घातला नाही, आणि त्याची स्वतःची युनिट खाली बसलेली, तिने धरलं की हा ज्यांच्याबरोबर आहे ते बघतील. पार्ट टू ऑर्डर कुणीच काढली नाही. तीस वर्षांनी रेकॉर्ड ऑफिस म्हणतं की तुमची युनिट त्या भागात नव्हती, आणि कागदावर ते खरंच आहे! उलटही होतं, पलटण वर गेली पण माणूस त्या काळात बेळगावला कोर्सवर, त्याला वाटतं पलटणीला मिळालं म्हणजे मलाही. तसं नसतं, मोजतात ते तुमचे स्वतःचे दिवस.

मुव्हमेंट ऑर्डर जपून ठेवलेला माणूस मी अजून पाहिला नाही, ती त्या काळी रेल्वे वॉरंटबरोबरच गेली. मग पर्याय काय? पे बुकात फील्ड अलाउन्स किंवा उंचावरचा भत्ता चढलेला असेल ते पान. त्या काळात मिलिटरी हॉस्पिटलात ॲडमिट झाला असाल तर त्याचे कागद, त्यावर तारीख आणि युनिट दोन्ही येतं. सुट्टीचं सर्टिफिकेट. त्या वेळच्या कंपनी कमांडरचं किंवा सुभेदार साहेबांचं लेखी पत्र, स्वतःच्या नंबर-हुद्द्यासकट, कारण नंबर नसेल तर ते पत्र कुणाचं हे तपासता येत नाही. घरी ट्रंकेत जुनी इनलँड पत्रं असतील तर त्यावर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस) असतं, त्यावरून ठिकाण कळत नाही, ते न कळावं म्हणूनच तो पत्ता असतो, पण युनिटचं नाव आणि तारीख मिळते, तेवढ्यावर बाकीचे कागद शोधायला मदत होते. वर्दीतला फोटो जोडा, पण त्याच्या जिवावर राहू नका. छातीवरची मेडलं बघून कुणी मान्य करत नाही, सरकारी मेडलं वर्षानुवर्षं येत नाहीत म्हणून परेडसाठी बाजारातून विकत घेऊन लावायची पद्धतच पडून गेलेली आहे, हे तिकडच्यांनाही माहितीये. मेडल घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा, सरकारकडून आलेल्यावर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं सापडतं, बाजारातलं कोरं. कोरलेलं मिळालं तर त्या कडेचा जवळून फोटो काढून अर्जाला लावा.

अर्ज एका पानाचा करा. वर आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव डिस्चार्ज बुकात आहे अगदी तसं, तिथे शिंदेचं सिंदे झालं असेल तर सिंदेच लिहा आणि कंसात आधारवरचं नाव. नावाची दुरुस्ती याच अर्जात मागू नका, ती वेगळी फाईल आहे. मग सरळ मजकूर: "दिनांक अमुक ते तमुक मी अमुक युनिटमध्ये, अमुक युनिटला अटॅच, अमुक सेक्टरमध्ये होतो. या काळासाठी अमुक मेडल, अमुक क्लॅस्प माझ्या शीट रोलमध्ये नाही. सोबतच्या कागदांवरून पार्ट टू ऑर्डर काढून नोंद करावी व डिस्चार्ज बुकात चढवावी." बास. भावना मनात ठेवा. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, माजी सैनिक ओळखपत्र. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलात तर जावक नंबर पडतो आणि पाठपुरावा करायला कुणीतरी असतं, थेट पाठवलात तर स्पीड पोस्टच. आणि ओरिजिनल डिस्चार्ज बुक, त्यांनी लेखी मागेपर्यंत, पाठवायचं नाही. पाठवावं लागलं तर आधी प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. ते हरवलं की मेडल राहिलं बाजूला, डुप्लिकेट बुकाची वेगळीच यात्रा सुरू होते.

विधवा ताईंच्या अर्जात आणखी दोन अडचणी येतात. एक, मृत्यू दाखल्यावरचं, पीपीओवरचं आणि आधारवरचं नाव तीन तऱ्हेचं. आधी पीपीओशी जुळतं का ते बघा, कारण फौज त्यालाच धरते. दुसरं, माहिती अधिकारात "त्रयस्थ व्यक्तीची माहिती" म्हणून नकार येऊ शकतो, तेव्हा पहिल्याच अर्जाला मृत्यू दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ जोडून टाका. ज्यांना पेन्शन नव्हती, म्हणजे पाच-सात वर्षांत घरी आले, त्यांचे कागद नियमाने २५ वर्षांनी नष्ट करतात. तसं उत्तर आलं तर लाँग रोलची नोंद मागा, तो रजिस्टर कायम ठेवायचा असतो. त्यात तपशील थोडाच असतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

पैशाचं आधीच सांगून टाकतो म्हणजे अपेक्षा ठेवून पळापळ होणार नाही. सेवा मेडल आणि स्टारला महिन्याचा भत्ता नाही. भत्ता शौर्य पदकाला, ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला महिना २०,०००, वीर चक्राला ७,०००, सेना मेडलला २,०००, पण सेना मेडल शौर्याचं असलं तरच. विशिष्ट सेवेसाठी मिळालेल्या सेना मेडलला तो भत्ता नाही, आणि डिस्चार्ज बुकात कुणी नुसतं "सेना मेडल" लिहून ठेवलं की भांडण सुरू. तिथे पेपरातलं कात्रण चालत नाही, भारताच्या राजपत्रातली अधिसूचना काढायची, भाग एक, विभाग एक, २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीपासून पुढे शोधत जा, कारण छापील अधिसूचना कधीकधी बरीच नंतर निघते. राज्य सरकारच्या अनुदानालाही हाच कागद लागतो.

नकार आलाच तर तारीख मोजायला शिका. सशस्त्र सेना न्यायाधिकरण, मुंबईत खंडपीठ आहे, तिथे अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जायचं असतं. अर्ज देऊन सहा महिने काहीच उत्तर नाही आलं तर त्यापुढचे सहा महिने. लोक काय करतात, नकाराला दुसरा अर्ज, त्याला तिसरा, आणि समजतात की नवीन पत्र आलं म्हणजे मुदत नवीन सुरू झाली. होत नाही. उशीर माफ होऊ शकतो पण त्याला कारण दाखवावं लागतं, आणि "मी पत्रं लिहीत होतो" हे कारण फार चालत नाही. माहिती अधिकाराचं उत्तरही नकार धरू नका, नकार तो जो तुमच्या दुरुस्तीच्या अर्जावर येतो, म्हणून तो अर्ज वेगळा केलेला असलाच पाहिजे.

काम झालं आणि बुक परत आलं तर पेढे वाटण्याआधी ती ओळ वाचा. मेडलचं नाव, क्लॅस्प, पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि वर्ष, खाली सही आणि गोल शिक्का. यातलं काही राहिलं असेल तर त्याच आठवड्यात कळवा. धातूच्या मेडलसाठी त्यानंतर वेगळा अर्ज करायचा, तो नोंदीचा हवाला देऊन, आणि ते लवकर येईल असं धरून चालू नका.