कॅम्पातलं मेज, गल्लीतला जिना

बेळगावच्या जुन्या पेठेत ‘डेस्क’ म्हटलं की वयस्कर माणसांना टेबल आठवत नाही. त्यांना आठवतं गादीवर मांडी घालून बसलेल्या मुनिमापुढचं बुटकं, उतरत्या झाकणाचं खोकं. झाकण उचललं की आत कीर्द-खतावणी, दौत, टाक आणि कोपऱ्यातल्या कप्प्यात मोड, म्हणजे सुटे पैसे. आमच्या शहापूरच्या घरात असं एक होतं. वाळवीनं त्याचा तळ खाल्ला, म्हणून नवं करायला काढलं आणि भलत्याच इतिहासात शिरलो.

नव्यासाठी नमुना निवडला तो कॅम्पेन डेस्कचा, म्हणजे फौजेबरोबर फिरणाऱ्या मेजाचा. सपाट माथा, माथ्याखाली खण, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, मुठी लाकडात बुडवलेल्या. हल्ली हा प्रकार ‘क्लासिक ब्रिटिश’ म्हणून विकला जातो. मालक ब्रिटिश होते खरे, पण या मेजाला वळण दिलं ते बैलगाडीनं, पावसानं आणि बदल्यांनी.

कंपनी सरकारच्या फौजेत अधिकाऱ्याला आपलं सामान आपणच घ्यावं लागे. पलटण हलली की पलंग, खुर्ची, मेज सगळं सुटं करून बांधायचं. म्हणून पाय फिरवून निघणारे. खणांचं कपाट एकावर एक ठेवायच्या दोन पेट्यांत, म्हणजे जनावराच्या दोन्ही अंगांना वजन सारखं पडे. हिंदुस्थानच्या दमट हवेत सरस धरत नसे, म्हणून सांध्यांना स्क्रू आणि पितळेचा आधार. मूठ बाहेर आली तर शेजारच्या सामानाला घासणार, म्हणून ती आत. साहेब विलायतेला परतला किंवा इथंच गेला, की सामानाचा लिलाव होई आणि तेच मेज दुसऱ्या साहेबाकडे जाई. लंडनहून माल येई, तसा मुंबई-मद्रासचे सुतारही करत. एका खुर्चीला तर रुडकीच्या छावणीचंच नाव चिकटलं. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धानंतर फौजांना हलकं सामान हवंसं झालं आणि हे प्रकरण आटोपत गेलं.

बेळगाव या गोष्टीत १८१८ च्या एप्रिलमध्ये येतं. पेशवाई संपत असताना जनरल मन्रोनं वेढा घालून इथला किल्ला घेतला. पुढं छावणी वसली. त्या भागाला आपण आजही कॅम्पच म्हणतो.

लाकूड मात्र आपल्याच दारचं. खानापूर-दांडेलीच्या घाटमाथ्यावरचा साग काय मोलाचा, हे कंपनीला गोदीनं शिकवलं होतं. सागात अंगचं तेल असतं. नार, म्हणजे पक्का गाभा, धरलेल्या फळीला वाळवी सहसा लागत नाही, आणि ऊन-पावसात ती इतर लाकडांइतकी पिळत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. हा साग हातचा जाऊ नये म्हणून १८०६ मध्येच कंपनीनं मलबारात जंगलावर कॅप्टन वॉटसन हा अधिकारी नेमला होता. परसातला साग तोडायचा तरी वनखात्याचा दाखला लागतो, त्या धाकाची मुळं इतकी जुनी आहेत. (दाखल्यासाठी मारलेल्या खेपांबद्दल न लिहिलेलंच बरं.)

मिस्त्री खानापूरकडचे. आम्ही सुतार म्हणतो, त्यांचं कानडी गिऱ्हाईक बडिगेर म्हणतं, ते दोन्हीला ओ देतात. पितळी कोपरे खर्चिक, वगळूया म्हटलं तर रंधा थांबवून म्हणाले, “शोभेला न्हाई ओ ते. फळीचं टोक उघडं ऱ्हायलं की आपटून फुटतंय.” मग कोपरा फळीवर ठेवून अणकुचीदार खिळ्यानं कडेची रेघ ओढली आणि पटाशीनं पत्र्याच्या जाडीइतकंच लाकूड काढलं. बोट फिरवलं तर पितळ कुठं संपतं आणि साग कुठं सुरू होतो ते लागत नाही. एका कोपऱ्याला पाऊण तास, असे आठ.

खण त्यांनी मुद्दाम ढिले ठेवले. मे महिन्यात ते खुळखुळत होते आणि मी कुरकुरत होतो. जुलैत खानापूरकडचा पाऊस सुरू झाला, लाकूड आडवं फुगलं आणि खण बरोबर बसले. माझ्या आग्रहानं घट्ट केलेला एक तेवढा दिवाळीपर्यंत उघडला नाही.

मुनिमाच्या डेस्कातलं एकच घेतलं: उजव्या खणातला सुट्या पैशांचा कप्पा.

फिरकीच्या पायांना माझा विरोध होता. आता कुठली पलटण हलणार? पण टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडला आणि आमचा जिना सव्वादोन फुटांचा. मिस्त्रींनी मेज उलटं केलं, चारही कातीव पाय फिरवून काढले, एकेक काखेत मारून वर गेले. माथा आम्ही दोघांनी आडवा धरून नेला.