जवानांना परदेशात फराळ पाठवण्यामागचा इतिहास

नवरात्र जवळ आलं की आमच्या लष्करात हा विषय निघतोच. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग, १८१० मध्ये शिंद्यांची छावणी इथे कायमची पडली तेव्हापासून हेच नाव. महाराज बाड्यापासून छत्री बाजारापर्यंत मराठी घरं आहेत आणि त्यातल्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी फौजेत गेलेलं आहे. यावर्षी आमच्या महिला मंडळात पुन्हा चर्चा झाली, की यूएन मिशनवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेवर असलेल्या जवानांना दिवाळीचा फराळ पाठवायचा तर कसा, कोणाच्या नावाने आणि हे केअर पॅकेज, म्हणजे लांबच्या माणसाला खाऊचं खोकं पाठवायचं प्रकरण, आपल्याकडे आलं कुठून. एकीने सांगितलं ही अमेरिकेची फॅशन आहे, दुसरी म्हणाली आमच्या आजेसासूबाईसुद्धा पाठवायच्या. दोघींचं थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून मागचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

सुरुवात १९१४ पासून करू. त्याआधीही हिंदुस्थानी पलटणी समुद्रापार गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर टपालही जायचं, इराणच्या बुशहर मोहिमेत १८५६ मध्ये फील्ड पोस्ट ऑफिस, म्हणजे फौजेबरोबर फिरणारं डाकघर, गेलं होतं, पण सणाची भेट म्हणून हिंदुस्थानी शिपायांनाही सरसकट काहीतरी पाठवायचं हे पहिल्या महायुद्धात झालं. ऑक्टोबर १९१४ मध्ये इंग्लंडच्या राजकन्येच्या नावाने एक फंड काढला आणि त्या नाताळात पितळेची एक छोटी डबी चार लाखांच्या आसपास लोकांपर्यंत पोचवली. गोऱ्या शिपायाला तंबाखू, पाइप, सिगारेटी. गुरख्यांना तेच. शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी, तंबाखू नाही. बाकीच्या हिंदुस्थानी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाले. मला या यादीबद्दल नेहमी वाटतं की कोणीतरी बसून नीट विचार केला होता, कोणाला काय चालतं, कोणाला काय चालत नाही, आणि फ्रान्सच्या त्या चिखलात मसाल्याची डबी उघडल्यावर जो वास आला असेल तो कुठल्याही कौतुकाच्या पत्रापेक्षा जास्त घरचा असेल. पण सण त्यांचा नव्हता, डबीवर कुठल्याच शिपायाचं नाव नव्हतं आणि आत घरच्या हातचं काही नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ नावावरूनच आहे.

ग्वाल्हेरचा त्यात वाटा होताच. आपल्या तिसऱ्या ग्वाल्हेर पलटणीची अर्धी तुकडी पूर्व आफ्रिकेत टांगाच्या मोहिमेत होती, आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी डिसेंबर १९१४ मध्ये एक जुनी प्रवासी बोट विकत घेऊन तिचं हिंदुस्थानी जखमींसाठी हॉस्पिटल शिप केलं, नाव ठेवलं लॉयल्टी. आपल्या शहरात हे आता फार कमी लोकांना माहीत आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूटच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, तिथे पार्सल पोचणं दूरच, शेवटी विमानातून धान्याची पोती खाली टाकली आणि तीही पुरली नाहीत. घोड्याचं मांस नको म्हणून आपल्यातले कित्येक जण उपाशी राहिले आणि स्कर्व्हीने पडले.

दुसऱ्या महायुद्धाचं थोडक्यात सांगतो, कारण तेव्हा पाठवणाऱ्यांनी मुख्यतः युद्धकैद्यांकडे लक्ष दिलं. इटली आणि जर्मनीतल्या कॅम्पात अडकलेल्या हिंदुस्थानी शिपायांसाठी लंडनमध्ये वेगळी पार्सलं भरायचे, डाळ, आटा, मसाला असं आपल्या तोंडाला चालेल ते.

आता तो केअर पॅकेज शब्द. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत बावीस संस्थांनी मिळून एक संस्था काढली, तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडली की केअर होतं. युद्ध संपल्यावर युरोपात लोक उपाशी होते, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या माणसाने दहा डॉलर भरायचे आणि तिकडे एक खोकं पोचायचं. पहिली खोकी ११ मे १९४६ ला फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात उतरली. गंमत म्हणजे सुरुवातीची खोकी फौजेसाठीच बनवलेल्या आणि न लागलेल्या रेशनची होती. म्हणजे शिपायाचं जेवण नागरिकांना गेलं, शब्द तिथे जन्मला, आणि मग तोच शब्द होस्टेलमधल्या पोरांना पाठवायच्या डब्याला लागला आणि शेवटी फिरून शिपायाकडे आला. त्यामुळे ही अमेरिकेची फॅशन म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं, की शब्द तिकडचा, काम तिकडचं नाही.

आपल्याकडे स्वतंत्र झाल्यावर पहिल्यांदा मोठी तुकडी परदेशात गेली ती कोरियात, १९५३ च्या सप्टेंबरमध्ये, युद्धकैदी सांभाळायला, सुमारे सहा हजार जवान. त्यांच्यासाठी आपल्या टपाल तिकिटांवर हिंदीत छापलं होतं, भारतीय संरक्षा कटक कोरिया. कटक! फौज या अर्थाचा बखरीतला शब्द, आणि तो कोरियातल्या पाकिटावर. नंतर १९५६ ते १९६७ गाझा, १९६० ते १९६४ काँगो, तिथेही वर छापलेली तिकिटं होती, फक्त इंग्रजीत.

आमच्या घरातली गोष्ट काँगोची आहे. आजीचा धाकटा भाऊ १९६१ मध्ये तिकडे होता. आजीने बेसनाचे लाडू, शंकरपाळी, चिवडा केला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरला, वर एक दिवाळी अंक ठेवला, मग डबा मांजरपाटात गुंडाळून दाभणाने शिवला, टाक्याटाक्यावर लाख वितळवून ठसा मारला. पत्ता शाईने, कापडावर, ते पसरू नये म्हणून आधी खडू घासायची म्हणे. चिवड्यात खोबरं घातलं होतं ते खवट झालं, लाडवांना बुरशी आली, शंकरपाळी तेवढी टिकली. मामाआजोबांनी लिहिलं की अंक मात्र सगळ्या मराठी पोरांत फिरला, परत आला तेव्हा मुखपृष्ठ नव्हतं आणि शब्दकोडं चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सोडवलेलं होतं. ते पत्र आजीने पोथीत ठेवलं होतं, मी वाचलंय. तेव्हापासून आमच्याकडून कुठल्याही पार्सलात अंक जातोच, आणि चिवड्यात खोबरं जात नाही.

आता मूळ घोळाकडे येतो, कारण दरवर्षी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि पार्सलं परत येतात तीही यामुळेच. ५६ एपीओ. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, जवानाच्या पत्त्यात हे असतं. लोकांना वाटतं ही जागा आहे. मागच्या वर्षी एका काकूंनी मला विचारलं, हे छप्पन एपीओ काश्मीरात कुठे येतं. कुठेच येत नाही. जवान लेहला असला, जैसलमेरला असला किंवा लेबनॉनला असला, पत्त्याची शेवटची ओळ तीच असू शकते, कारण मुद्दाच हा आहे की पत्त्यावरून जागा कळू नये. पार्सल आपल्या डाकखान्यातून आधी फौजेच्या मुख्य डाकघरात जातं, ५६ वालं दिल्लीकडे, ९९ वालं कोलकात्याकडे, आणि कुठली युनिट आज कुठे आहे हे फक्त तिथे माहीत असतं. पुढचा प्रवास फौजेच्या हातात. १ मार्च १९७२ पासून हे काम बघणारी टपालाची वेगळी कोअर, म्हणजे फौजेची शाखा, आहे आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला त्यात नऊ हा आकडा फौजेसाठी राखून ठेवला. म्हणून नऊने सुरू होणारा पिन दिसला की तो नकाशात शोधू नका.

याचा एक परिणाम फार सुंदर आहे, निदान मला तसं वाटतं. यूएन मिशनवर आपली पूर्ण बटालियन जाते तेव्हा तिच्याबरोबर आपलं डाकघरही जातं, त्यामुळे दक्षिण सुदानमधल्या मुलाला पार्सल पाठवणाऱ्या आईसाठी तो परदेश नसतो, देशातल्याच दराने, देशातल्याच पत्त्यावर ते जातं. पण त्याच मिशनवर एखादा अधिकारी एकटा ऑब्झर्व्हर, म्हणजे निरीक्षक, म्हणून गेलेला असेल तर त्याच्याजवळ आपलं डाकघर नाही, त्याला खरोखरचं परदेशी पार्सल करावं लागतं, त्या देशाच्या कस्टमचे नियम लागतात आणि घरी केलेलं खाणं तिथे अडकू शकतं. म्हणजे एकाच गावात दोन जवान, एकाची आई देशात पार्सल पाठवते, दुसऱ्याची परदेशात. हा फरक कोणी आधी सांगत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घराने याच कारणाने दोनदा फराळ पाठवला आणि दोन्ही वेळा परत आला, कारण काउंटरवर कोणीच विचारलं नाही की मुलगा तुकडीबरोबर आहे की एकटा. ते फोडलेलं खोकं मी पाहिलंय, करंज्या पीठ झाल्या होत्या.

आणि यातूनच नावाचा प्रश्न येतो. ५६ एपीओला नंबर, रँक, नाव, युनिट हे चारही लागतात. "कोणत्याही जवानाला" असं लिहून पार्सल टाकता येत नाही, त्याला जायला जागाच नाही. तरी दरवर्षी आग्रह होतो की आपण शंभर डबे करू आणि बिननावाचे पाठवू. अमेरिकेत हे खूप वर्षं चालायचं, १९९०-९१ च्या आखाती युद्धात तर कोणत्याही सैनिकासाठी म्हणून पत्रांचा आणि खोक्यांचा ढीग लागला होता. २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पावडर गेली आणि ती सोय बंद केली, ती बंदच राहिली. ब्रिटननेही नंतर लोकांना सांगितलं की ओळखीच्या माणसाला नावाने पाठवा, मोहिमेवरच्या जवानाला २ किलोपर्यंत फुकट पाठवा, पण बिननावाची नाताळाची खोकी नकोत, कारण त्या ढिगामागे घरच्यांची खरी पार्सलं अडकतात. यावर तिकडे लोक नाराज झाले, शाळेतली पोरं कष्टाने खोकी भरायची वगैरे. मला पोरांचं वाईट वाटतं, पण निर्णय बरोबर होता असंच मी म्हणेन. हेलिकॉप्टरमध्ये जागा तेवढीच असते, आणि त्यात आपल्या बिननावाच्या शंभर चकल्यांच्या डब्यांमुळे एखाद्याच्या आईचा एक डबा आठ दिवस मागे पडत असेल तर आपला उत्साह घरीच ठेवलेला बरा.

मधल्या एका काळाबद्दल मात्र कोणी बोलत नाही आणि ते मला खटकतं. १९८७ ते १९९० श्रीलंका. समुद्र ओलांडून गेलेले आपले जवान, अकराशेहून जास्त तिथेच कामी आले, आणि तरी परदेशातले जवान म्हटलं की लोकांना काँगो आणि लेबनॉनच आठवतं. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा याच देशात बायकांनी स्वेटर विणले, अंगावरचं सोनं उतरवून दिलं, तेवढी आठवण श्रीलंकेच्या वेळची कुठल्याच मंडळाच्या वहीत नाही. आमच्याही नाही, मी जुन्या वह्या चाळल्या.

त्यानंतर यादी लांब होत गेली. कंबोडिया, सोमालिया, सिएरा लिओन, मग पुन्हा काँगो, २०११ पासून दक्षिण सुदान, गोलन, आणि १९९८ च्या नोव्हेंबरपासून लेबनॉन. आतापर्यंत आपले पावणेतीन लाखांहून जास्त जवान यूएनची निळी टोपी घालून आलेत. मोबाईल आल्यावर मुलगा रोज व्हिडिओ कॉलवर दिसतो, कँटीनमध्ये बहुतेक सगळं मिळतं, तेव्हा फराळ हवाच कशाला असं विचारणारे आहेत. त्यांनी एकदा डबा मिळालेल्या मुलाशी बोलून पाहावं. मिशनवरून परतलेल्या एका हवालदाराने आम्हाला सांगितलं, लाडू दोन दिवसांत संपले, पण कापडाच्या आतला वर्तमानपत्राचा कागद त्याने महिनाभर उशाशी ठेवला, कारण त्या कागदाला घरचा, तुपाचा वास होता.

आता काय पाठवायचं त्याबद्दल आमच्याकडे बऱ्यापैकी ठरलंय. शंकरपाळी, बेसनाचे लाडू, शेव, बिनखोबऱ्याचा चिवडा, अनारसे घट्ट डब्यात. करंजी आणि ओल्या नारळाचं काही नाही. आपल्या ग्वाल्हेर-मुरैन्याची तिळाची गजक पाठवायचा मोह सगळ्यांना होतो, पण ती दमट हवेत चिवट होते आणि थंडीत आपल्याकडे ताजी यायच्या आधी दिवाळी होऊन जाते, तेव्हा ती संक्रांतीच्या पार्सलात.

यावर्षी घाई करण्याचं कारण वेगळं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएनच्या सुरक्षा परिषदेने ठरवलं की लेबनॉनचं मिशन ३१ डिसेंबर २०२६ ला थांबणार. म्हणजे नोव्हेंबर २०२६ ची दिवाळी ही तिथल्या तुकडीची मिशन चालू असतानाची शेवटची दिवाळी. अठ्ठावीस वर्षं लष्करातून तिकडे डबे जात आलेत. ज्यांचा मुलगा तिथे असेल त्यांनी त्याचा नंबर, रँक, नाव, युनिट आणि तो तुकडीबरोबर आहे की एकटा, हे घटस्थापनेच्या आत मंडळात लिहून द्यावं. दाभण, लाख आणि मांजरपाट मंडळात आहे.