अंतराळवीर तरंगतात, पण गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं

‘अंतराळात गुरुत्वाकर्षण शून्य असतं, म्हणून तिथे माणसं तरंगतात’ हे वाक्य कितीदा तरी फॉरवर्ड होऊन येतं. तरंगणारी माणसं डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे ते पटतंही. मलाही शाळेत असताना तसंच वाटायचं.

आता अंतर बघा. अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर फिरतं. म्हणजे मुंबई ते पणजी सरळ रेषेत जेवढं, जवळपास तेवढंच! पृथ्वीच्या केंद्रापासून आपणच मुळात 6,371 किलोमीटरवर आहोत. त्यात 400 वाढले, तर ओढ कितीशी घटणार? गणित केलं तर तिथे जमिनीवरच्या जवळपास 89 टक्के गुरुत्वाकर्षण शिल्लक असतं.

मग तरंगतात कसे? ते सतत पडत असतात. स्थानक सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर पुढे जातं आणि तेवढ्यात साडेचार मीटरच्या आसपास खाली पडतं. पण पृथ्वी गोल, तीही तेवढ्या अंतरात तेवढीच खाली वळलेली असते. म्हणून जमीन कधी गाठली जात नाही. माणूस आणि स्थानक दोघं एकाच वेगाने पडतात, त्यामुळे पायाखाली दाब जाणवत नाही.

घरी करून बघायचं असेल, तर प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडंच ठेवा. धार लागेल. आता स्टुलावर उभं राहून बाटली खालच्या बादलीत सोडा. पडताना धार थांबते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलंत तर अगदी स्पष्ट दिसतं. फरशी मात्र पुसावी लागेल.