जुन्या मोटरहोममधील खंडित इंधनपुरवठा

टाकीत पुरेसे इंधन असते, इंजिन यांत्रिक दृष्टीने धडधाकट असते. तरीही लांब चढावर, भर उन्हात किंवा तासाभराच्या सलग प्रवासानंतर ते झटके देऊ लागते, बंद पडते आणि वीसेक मिनिटे गाडी उभी केल्यावर काहीच न घडल्यासारखे पुन्हा चालू होते. अशा बिघाडाला खंडित इंधनपुरवठा म्हणतात. येथे मुख्यतः कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) किंवा सुरुवातीच्या काळातील इंजेक्शन (पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा) असलेल्या पेट्रोल मोटरहोमचा, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचा, विचार केला आहे.

हा बिघाड कोणत्याही जुन्या वाहनात उद्भवतो. मोटरहोममध्ये मात्र त्याला पोषक अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. गाडी जड आणि समोरून सपाट असल्यामुळे इंजिन बराच वेळ जवळपास पूर्ण ताकदीने राबते आणि इंधनाची मागणी सतत मोठी राहते. इंजिन बहुधा चालकाच्या बाजूलाच झाकणाखाली कोंडलेले असते, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला फारशी वाट नसते. टाकीपासूनची नळी कित्येक मीटर लांब आणि मध्ये मध्ये रबरी तुकड्यांनी जोडलेली असते. वर्षातले अनेक महिने गाडी उभी राहते, तेवढ्यात पेट्रोल शिळे होते आणि दमट हवेने टाकी आतून गंजते. चॅसी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह खालचा सांगाडा, एका कारखान्यात आणि वरचे घर दुसऱ्या कारखान्यात बांधले गेले असेल, तर वायरिंगच्या नकाशात नसलेले जोड हमखास सापडतात. १९७३ ते १९७८ या काळात तयार झालेल्या जीएमसी मोटरहोममध्ये दोन टाक्या आणि त्यांतून निवड करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह आहे. तेथे तपासणीत आणखी एका संशयिताची भर पडते.

कार्ब्युरेटरच्या इंजिनावर सहसा इंजिनातील कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्याने हलणारा, डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) यांत्रिक पंप असतो. टाकीतले पेट्रोल तो नळीच्या पूर्ण लांबीतून ओढून आणतो आणि पुढे साधारण ०.३ ते ०.५ बार दाबाने कार्ब्युरेटरला देतो. थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला (सर्व सिलिंडरांसाठी एकाच ठिकाणी फवारणी) त्याहून थोडा अधिक, तर मल्टिपॉइंट इंजेक्शनला (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी फवारणी) साधारण २.५ ते ४ बार दाब लागतो आणि त्यासाठी विजेचा पंप बहुधा टाकीतच बसवलेला असतो. निदानाच्या दृष्टीने पंपाच्या अलीकडची ओढीची बाजू आणि पलीकडची दाबाची बाजू हा भेद सर्वांत कामाचा आहे. दाबाच्या बाजूला गळती असेल तर पेट्रोल ठिबकते आणि वास येतो. ओढीच्या बाजूच्या बारीक चिरेतून मात्र हवाच आत शिरते. बाहेर थेंबही दिसत नाही आणि पंप पेट्रोलऐवजी बुडबुडे ओढत राहतो.

कारणांपैकी चार मुख्य आहेत आणि गोंधळाचे मूळ असे की चारही कारणे चालकाला एकच कहाणी सांगतात. पहिले कारण टाकीतील ओढनळीच्या टोकाची जाळी. गंजाचे कण आणि डिंकासारखा गाळ ओढीबरोबर तिला चिकटत जातो. इंजिन बंद पडताच ओढ थांबते, गाळ खाली बसतो आणि जाळी मोकळी होते. दुसरे कारण टाकीची हवा येण्याची वाट बुजणे. ती चिखलाने किंवा कीटकाच्या घरट्याने बंद झाली, की पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी टाकीत निर्वात पोकळी वाढते आणि पंपाला तिच्याशी झगडावे लागते. तिसरे कारण व्हेपर लॉक, म्हणजे नळीत किंवा पंपातच पेट्रोलची वाफ होणे. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो, त्यामुळे एक्झॉस्टजवळून गेलेली ओढीची नळी हे त्याचे आवडते ठिकाण. दहा टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल तर आणखी सहज उडते. चौथे कारण विजेचे आहे: तापल्यावर दम टाकणारा पंप, जळकट रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच), गंजलेली अर्थिंग किंवा गरम झाल्यावर सैल होणारा कनेक्टर. या चारही बिघाडांवर गाडी थोडा वेळ उभी करणे हा उतारा लागू पडतो. म्हणूनच ‘थांबलो आणि गाडी सुरू झाली’ या माहितीवरून व्हेपर लॉकचे निदान करणे घाईचे ठरते. व्यवहारात ते निदान गरजेपेक्षा फार जास्त वेळा केले जाते.

रबरी नळीचा दोष यांहून फसवा असतो. इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या नळीचे आतले अस्तर फुगून सुटते आणि पापुद्र्यासारखे लोंबते. मंद गतीला पेट्रोल त्याच्या कडेने जाते. ओढ वाढली की पापुद्रा झडपेसारखा मिटतो. बाहेरून अशी नळी काळीभोर आणि ठीकठाक दिसते. ती उभी चिरल्यावरच खरा प्रकार कळतो. जुन्या गाडीत सर्व रबरी तुकडे एकदाच बदलून टाकणे हे निदान पूर्ण होण्याआधीही समर्थनीय असे जवळजवळ एकमेव काम आहे.

तपासणीचा खरा वेळ म्हणजे इंजिन बंद पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटे. प्रथम टाकीचे झाकण उघडावे. हवा सुस्कारा टाकत आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर हवेची वाट बुजली आहे. कार्ब्युरेटरच्या इंजिनात एअर क्लीनर काढून, इंजिन बंद ठेवूनच, थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने हलणारी हवेची झडप, हाताने झटकन उघडावा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर फ्लोटच्या भांड्यात (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) इंधन आहे आणि संशय इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडे, वळवावा लागतो. एरवीही इग्निशन गेले की इंजिन बहुधा दिवा विझावा तसे एकदम थांबते. इंधन तुटले तर आधी ताकद ओसरते, मग झटके येतात. विजेचा पंप असल्यास तो चालू असतानाच त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १२.५ आणि पंपापाशी १० व्होल्ट मिळत असतील, तर पंप बदलण्याआधी मधली वायरिंग शोधणे शहाणपणाचे.

गाडीतील जनरेटर बहुधा मुख्य टाकीतूनच पेट्रोल घेतो, पण त्याने टाकी रिती करून प्रवासी अडकू नयेत म्हणून त्याची ओढनळी आखूड ठेवलेली असते. इंजिन उपाशी असताना जनरेटर भाराखाली सुरळीत चालला, तर संशय मुख्य ओढनळीपासून पुढे सरकतो. टाकीत पाणी साचल्याचा संशय असेल तर मात्र ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही, कारण पाणी तळाशी बसते आणि जनरेटरची नळी त्याच्या वर असते.

पुढची पायरी मोजमापाची. इंजिनाजवळ दाबाचे गेज जोडून ते चालवताना दिसेल असे काचेबाहेर बांधावे. पेट्रोलची नळी चालकाच्या कक्षात कधीही आणू नये. झटके येतानाही दाब स्थिर राहिला तर इंधनपुरवठा निर्दोष ठरतो. दाब ढासळत असेल तर ओढीच्या बाजूला व्हॅक्यूम गेज लावावे: ओढ वाढत गेलेली दिसली तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे, ओढच नसेल तर पंप थकला आहे किंवा मध्ये हवा शिरते आहे. केवळ दाबावरही विसंबू नये, कारण बंद नळीत योग्य दाब दाखवणारा पंप प्रवाहात कमी पडू शकतो. यांत्रिक पंपाने मंद गतीला ३० सेकंदांत साधारण अर्धा लिटर पेट्रोल द्यावे असा ढोबळ निकष आहे. दीडदोनशे लिटरची टाकी खाली उतरवणे हे दिवसभराचे काम असल्याने, त्याआधी नौकेसाठीच्या सुट्या टाकीवरून पंपाला पेट्रोल देऊन पाहावे; त्यावर बिघाड नाहीसा झाला तर दोष गाडीच्या टाकीच्या बाजूला आहे.

डिझेल मोटरहोममध्ये व्हेपर लॉकचा प्रश्न सहसा येत नाही. तेथे फिल्टरमधील जंतुजन्य काळा चिकटा आणि ओढीच्या बाजूने शिरणारी हवा हे नेहमीचे दोषी. पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

मोटरहोममध्ये या कामाला एक जादा धोका आहे. फ्रिज, पाणी तापवण्याचे यंत्र आणि शेगडी गॅसवर चालतात आणि काहींची पायलट ज्योत दिवसरात्र जळत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत जाते. म्हणून नळी सोडण्यापूर्वी गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, घराच्या आणि इंजिनाच्या दोन्ही बॅटऱ्या तोडाव्यात आणि इंजेक्शनच्या गाडीत नळीतला दाब आधी उतरवावा.

दुरुस्ती एका वेळी एकाच भागाची करावी, नाहीतर नेमका दोष कोणता होता ते कळतच नाही. आणि आपोआप बरा होणारा बिघाड दारात उभ्या गाडीवर पारखता येत नाही. ज्या चढावर, ज्या उन्हात आणि टाकीत जेवढे पेट्रोल असताना गाडी अडली होती, त्याच परिस्थितीत गेज लावलेलेच ठेवून ती पुन्हा चालवावी लागते.