वॉरंटीतील स्पोर्ट्स कारचे इंजिन: दुरुस्ती की नव्याने बांधणी?

इंजिनातून ठोका ऐकू येणारी गाडी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या वर्कशॉपमध्ये उतरवली की बहुतेक ग्राहक आधी विचारतात, दुरुस्तीवर भागेल की इंजिन बांधावे लागेल. आणि बोलणे बरेच पुढे गेल्यावर सांगतात की गाडीची वॉरंटी अजून चालू आहे. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. वॉरंटी शिल्लक असेल आणि दोष तिच्यात बसत असेल, तर दुरुस्ती की बांधणी हे कंपनी ठरवते आणि खर्चही तीच करते. तो निर्णय पूर्ण पुराव्यानिशी व्हावा, एवढेच ग्राहकाने पाहायचे असते.

ग्राहकांचा सर्वाधिक वेळ खाणारी चूक एकच आहे, ती म्हणजे कंपनीने पाहण्याआधीच इंजिनाला हात लावणे. ओळखीच्या मेकॅनिकने ‘नुसते बघू’ म्हणून ऑइल काढलेले असते, जुना फिल्टर कचऱ्यात गेलेला असतो आणि चेक इंजिनचा दिवा जावा म्हणून स्कॅनरने फॉल्ट कोड पुसलेले असतात. वॉरंटी साधारणतः साहित्यातील किंवा जुळणीतील दोषापुरती असते; निष्काळजी वापर, शर्यती आणि बाहेर करून घेतलेले बदल तिच्यात धरले जात नाहीत. बेअरिंग मुळातच सदोष होते की ऑइल कमी असताना गाडी पळवली गेली, हे सांगू शकणारे साक्षीदार म्हणजे तेच ऑइल, तोच फिल्टर आणि ईसीयूमधील, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, नोंदी. ते नाहीसे झाले की तपासणीस येणाऱ्याला नकार लिहिणे सोपे जाते आणि पुढे पत्रव्यवहार लांबत राहतो.

ईसीयूबाबत एक गैरसमज वारंवार आढळतो. अॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिनाचे फिरणे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर त्याला सांभाळतो हे खरे. परंतु मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये वेगात असताना चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि तेथे लिमिटरचे काही चालत नाही. पोर्शसारख्या गाड्यांचा ईसीयू अशा जादा आरपीएमची नोंद ठेवतो. ताकद वाढवण्यासाठी ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे ‘स्टेज वन’ ट्यून करून, नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी अनेक गाड्यांत त्याची खूण राहते. असे काही झाले असेल तर आम्हाला आधीच सांगावे. पुढे ते उघड झाल्यास सर्वांचीच अडचण होते.

या कारणांमुळे वॉरंटीतील इंजिन आम्ही उघडत नाही, आणि ‘हेड (सिलिंडरवरचे झाकण) काढून लगेच का दाखवत नाही’ ही नाराजी आम्ही पत्करतो. आम्ही कोड न पुसता त्यांची प्रत काढतो, इंजिनाला हात न लावता बाहेरून दिसणारी गळती आणि ऑइलची पातळी नोंदवतो, छायाचित्रे घेतो आणि लेखी अहवाल देतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची लेखी संमती असल्यास स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घालून सिलिंडरच्या भिंतीही पाहतो. अहवालाचे शुल्क आम्ही वेगळे घेतो आणि पुढील कामात ते वळते करत नाही, कारण काम मिळवण्यासाठी लिहिलेल्या अहवालाला किंमत राहत नाही.

आता मूळ प्रश्न. दुरुस्ती पुरेल का, हे झिजलेला धातू ऑइलबरोबर कुठवर पोहोचला यावर ठरते. इग्निशन कॉइल, इंजेक्टर, हेड गॅस्केट यांचे दोष बहुधा जागच्या जागी राहतात. लीक-डाउन चाचणीत सिलिंडरमध्ये दाबाने भरलेली हवा एक्झॉस्टमधून किंवा इनटेकमधून निसटली तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला तडा आहे. अशा वेळी हेडच्या कामावर बहुधा भागते. ऑइल भरण्याच्या तोंडातून मोठ्या प्रमाणात हवा आली, तर मात्र रिंगा किंवा सिलिंडरची भिंत खराब आहे आणि खालचा भाग उघडावा लागतो.

बेअरिंग गेले असेल तर गोष्ट वेगळी असते. फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरल्या आणि त्यातील कण चुंबकाला चिकटले, तर ते पोलाद किंवा लोखंड असते. न चिकटणारी चमक ॲल्युमिनियमची किंवा बेअरिंगची असू शकते, आणि तांबूस छटा दिसली तर बेअरिंगचा वरचा थर झिजून आतला उघडा पडल्याची शंका घ्यावी. हे कण ऑइल पंप, टर्बो आणि व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडपर्यंत पोहोचू शकतात. ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांतून ते खात्रीने धुऊन निघत नाहीत, म्हणून तो बदलणेच योग्य. अशा इंजिनात केवळ नवी बेअरिंग शेल बसवून गाडी परत दिली जात असेल, तर कूलर, ऑइलच्या लाइन आणि क्रँकशाफ्टच्या मापांचे काय केले, हे लेखी विचारावे.

सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून रुंद करून, मोठे पिस्टन टाकण्याची आपल्याकडची जुनी पद्धत येथे सरसकट चालत नाही. अनेक स्पोर्ट्स कारच्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ लेप असतो. बोअर करताना तो निघून जातो आणि पुन्हा चढवण्याची सोय सर्वत्र नसते. त्यामुळे कंपन्या अनेकदा शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचा इंजिनाचा खालचा भाग) किंवा पूर्ण इंजिनच बदलतात. २०१४ मध्ये ९११ जीटी३ च्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत असल्याचे आढळले, तेव्हा पोर्शने ७८५ गाड्यांची इंजिनेच बदलण्याचा निर्णय घेतला. बदली इंजिन मिळत असेल तर ‘मूळ इंजिन गेले’ म्हणून हळहळत ते नाकारू नये. इंजिन क्रमांक बदलल्यास त्याची आरसीवर नोंद ठाण्याच्या किंवा वाशीच्या आरटीओत करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. गाडी विकताना हेच कागद विचारले जातात.

बदललेल्या भागाची वॉरंटी नव्याने सुरू होते की मूळ वॉरंटीबरोबरच संपते, हे जॉब कार्डवर सही करण्याआधी वाचावे. पावसात इंजिनात पाणी गेले असेल तर तो वॉरंटीचा विषय नाही, विम्याच्या इंजिन संरक्षण कवचाचा आहे; तेव्हा पुन्हा स्टार्टर मारू नये.

कंपनीने लेखी नकार दिला किंवा मुदत संपली, तर इंजिन बांधण्याचे काम आम्ही करतो. प्रत्येक माप कागदावर देतो, आवळताना ताणले जाणारे बोल्ट नवेच वापरतो आणि काढलेले भाग ग्राहकाच्या ताब्यात देतो. बांधलेल्या इंजिनाचे पहिले १,००० किलोमीटर घोडबंदरच्या कोंडीत घालवू नयेत. मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण अॅक्सिलरेटर न देता, आरपीएम कमीजास्त करत चालवावे. वॉरंटी संपण्याच्या दोन महिने आधी तपासणी करून घेतल्यास सापडलेला दोष मुदतीत नोंदवता येतो, आणि या तपासणीची वेळ आगाऊ ठरवून मिळते.

ठोका येत असेल तर गाडी सुरू न करता फ्लॅटबेडवरच आणावी. नवी मुंबईतून उचलण्याची सोय आम्ही करतो. सोबत वॉरंटी पुस्तिका, सर्व्हिसची सर्व बिले आणि आरसीची प्रत असावी.