चोथा वाळवून जनावरांचं खाद्य

डाळ मिल, ज्यूस, बिअर, तेल अशा धंद्यांत मुख्य माल काढल्यावर जे मागं राहतं, ते वाळवून गुरांना घालायची ही पद्धत. मराठवाड्यात कोरडा माल जुन्या ओळखीचा, लातूरच्या डाळ मिलमधली तुरीची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफलं, गोठ्यागोठ्यात जाते, सरकी पेंडही तशीच, त्यांना वेगळं वाळवावं लागत नाही. खरा प्रश्न ओल्या मालाचा आहे.

छत्रपती संभाजीनगरकडं बिअरचे कारखाने आहेत. बार्लीच्या ओल्या चोथ्यात 75 ते 80 टक्के नुसतं पाणी असतं, म्हणजे टेम्पोचं भाडं बहुतेक पाण्यालाच जातं, आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत तो आंबून बुरशी धरतो. तोच ओलावा 10 टक्क्यांवर आणला की 100 किलोचे 22 ते 28 किलो उरतात पण कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतात, आणि सुक्या चोथ्यात प्रोटीन 20 ते 30 टक्के, दुभत्या जनावराला हे सोनंच आहे.

जालन्याच्या मोसंबीचं गणित बहारावर, म्हणजे झाड कधी फुलतं त्यावर, फिरतं. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, तेव्हा ज्यूसचा चोथा ताडपत्रीवर पातळ पसरून वरखाली केला तर कडक उन्हात सहज वाळतो. आंबे बहार मात्र पावसाळ्यात उतरतो, तेव्हा उन्हावर विसंबून राहणं म्हणजे माल कुजवणं, ड्रायर लागतोच. मोठ्या कारखान्यांत आधी सालीत थोडा चुना मिसळतात, त्यानं पेक्टिनची, म्हणजे सालीतल्या चिकट पदार्थाची, पाण्यावरची पकड सुटते, मग प्रेसमध्ये दाबून पाणी काढतात आणि शेवटी उष्णता देतात. जेवढं पाणी दाबून निघतं तेवढं जळण वाचतं, म्हणून हा क्रम. या चोथ्यात प्रोटीन कमी, ताकद चांगली, त्यामुळं सोबत पेंड किंवा चुनी पाहिजेच.

बुरशी लागलेला चोथा पुन्हा उन्हात टाकून चालवून घेतात, हे अगदी बंद व्हायला हवं. वाळवल्यानं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, जात नाही, ते गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि तेच दूध घरातली लेकरं पितात. म्हणून तर दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम एवढीच ठेवलीय.

2016 सारख्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा, चाराही असाच दुर्मीळ होतो, अशा सालासाठी सुका चोथा पोत्यात भरून, फळीवर, भिंतीपासून लांब ठेवावा. पण तो कडब्याची जागा घेत नाही, रवंथाला लांब धाग्याचा चारा लागतोच, आणि नव्यानं सुरू करताना आठ-दहा दिवस थोडा थोडा वाढवत न्यावा.