लिंबू, कडप्पा आणि पारसिकचा डोंगर

मागच्या रविवारी भेळेवर लिंबू पिळताना दोनचार थेंब सांडले, काही ओट्यावर, काही खालच्या कडप्प्यावर. ओटा ग्रॅनाइटचा, त्याला काही झालं नाही, कडप्प्यावर मात्र पुसूनही फिकट डाग राहिला. बायको म्हणाली, "घास नीट, दगडाला कुठे डाग पडतो?" पण घासून जाणार कसा, लिंबाच्या ॲसिडने दगडच थोडा खाल्लाय.

कारण कडप्पा हा चुनखडक. आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो म्हणून ते नाव, आणि बाथरूममधली शहाबादी पण त्याच जातीची, ती कर्नाटकातली. तिकडे कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता, तळाला चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला आणि वरच्या वजनाने दबून त्याचा दगड झाला. शहाबादीचे पापुद्रे सुटतात ना, ते हेच थर.

ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकला, लाखो वर्षं हळूहळू निवत राहिला, म्हणून त्याचे दाणे मोठे, नुसत्या डोळ्यांना दिसतात. (दुकानात काळं ग्रॅनाइट म्हणून मिळतं ते बरेचदा ग्रॅनाइट नसतंच, पण यावर दुकानदाराशी वाद घालू नका, मी घातलाय.) आईचा पाटा-वरवंटा बघा, त्यात दाणे शोधून सापडत नाहीत, कारण तो बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. लाव्हा जमिनीवर आला आणि पटकन थंड झाला, दाणे वाढायला वेळच मिळाला नाही.

आता देवघराचा मार्बल. तो मुळात चुनखडकच, फक्त खोल गाडला जाऊन उष्णता आणि दाबाने बदललेला, आणि गंमत म्हणजे न वितळता बदललेला. पण चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तिचा चुना होतो, हे कुठल्याही चुनाभट्टीवाल्याला माहितीये, मग मार्बल कसा झाला? 1800 च्या सुमारास स्कॉटलंडच्या जेम्स हॉलने खडूची पूड बंदुकीच्या नळीत कोंबली, नळी बंद केली आणि तापवली. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकला नाही, आणि निघालं काय तर मार्बलसारखं कडक, चकाकतं काहीतरी. जमिनीखाली ही नळीची कामगिरी वरच्या खडकांचं ओझं करतं.

आमच्या ठाण्याजवळच्या कळव्याच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, तोच तो 1916 च्या रेल्वे बोगद्याचा. तो सगळा बसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा लाव्हा एकदाच नाही, पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि आजही पाचेक लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. इतका टणक दगड, पण पाऊस आणि हवा त्याला सोडत नाहीत. आधी तो मऊ पडतो, मुरूम होतो, मग माती, आणि पावसाळ्यात नाल्याला जे तांबूस पाणी येतं ना ते तीच माती खाडीत नेतं. खाडीचा चिखल पुरेसा खोल गाडला गेला तर त्याचा पुन्हा थरांचा खडक होईल, अजून दाबला तर पाटीचा दगड, आणि फारच खोल गेला तर परत शिलारस. किंवा मधेच वर उचलला जाईल आणि पुन्हा झिजायला लागेल, ठरलेला रस्ता असा काही नाही.

डागावर सध्या मी मिठाची बरणी ठेवलीये.